आडनावाचे विशेषण होते तेव्हा: अर्थ आणि मूळ कसे शोधावे

‘मर्ढेकरांची कविता’ म्हटले की ती कोणी लिहिली ते कळते. ‘मर्ढेकरी कविता’ म्हटले की ती कशी आहे ते कळते, आणि ती मर्ढेकरांनी लिहिलेली असेलच असे नाही. पहिल्या प्रयोगात मालकी आहे, दुसऱ्यात गुण. आडनावाला नुसता ‘ई’ लागला आणि माणूस बाजूला होऊन त्याची तऱ्हा तेवढी उरली. मी मुद्रितशोधन आणि संपादन करते. कथा, स्थानिक इतिहास, समीक्षेचे प्रबंध, घराण्यांचे कुलवृत्तांत असे सगळे माझ्या टेबलावर येते, आणि त्यात अशी विशेषणे पानोपानी भेटतात. बहुतेक लेखक ती सवयीने वापरतात. पण या छोट्या शब्दांत गाव, हुद्दा, वंश आणि काळ एकमेकांवर थर देऊन बसलेले असतात, आणि ते थर सोडवता आले तर वाक्य बिनचूक होते. मी ते कसे सोडवते, ते इथे सांगते आहे.

आधी एक प्रश्न: कोणाचे, की कसे?

विशेषण समोर आले की त्या जागी षष्ठी, म्हणजे ‘चा-ची-चे’ लागलेले रूप, घालून पाहावी. ‘तेंडुलकरी संवाद’च्या जागी ‘तेंडुलकरांचे संवाद’, ‘खांडेकरी भाषा’च्या जागी ‘खांडेकरांची भाषा’. वाक्याचा अर्थ तसाच राहिला, तर विशेषणाची गरज नव्हती; सरळ षष्ठी लिहावी, ती अधिक स्वच्छ असते. अर्थ बदलला, म्हणजे ‘तसल्या धाटणीचे’ हा भाव निघून गेला, तर विशेषण आपल्या जागी आहे.

ही परीक्षा साधी वाटते, पण तिने बऱ्याच गोष्टी सुटतात. एका गावाच्या इतिहासाच्या हस्तलिखितात ‘देशमुखी वाडा’ असे पुन्हा पुन्हा आले होते. लेखकाला म्हणायचे होते की देशमुख आडनावाच्या एका कुटुंबाचा तो वाडा आहे. वाचणारा मात्र ‘देशमुखी’ म्हटल्यावर परगण्याचे वतन, वसुलीचा हक्क, दारात शिबंदी असे सगळे मनात आणणार. त्या कुटुंबाकडे वतन कधीच नव्हते. तिथे ‘देशमुखांचा वाडा’ हेच योग्य. एका अक्षराने त्या घराला नसलेली सत्ता चिकटली होती.

मग मुळाकडे जावे

विशेषणाचा प्रत्यय काढला की आडनाव उरते. इथे थांबू नये. आडनाव स्वतःही कशापासून तरी झालेले असते, आणि मराठीत ते पुष्कळदा मुळात विशेषणच असते.

पहिले मूळ म्हणजे गाव. ‘कर’ लागलेली आडनावे घ्या. ती गावावरून झालेली, म्हणजे ‘अमुक गावचा’ असे सांगणारी. ‘होळकर’ हे नीरेकाठच्या होळ गावचे. ‘माडगूळकर’ हे आटपाडी तालुक्यातल्या माडगूळ्याचे. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीजवळच्या पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्यांची स्वरलेखनाची रीत ‘पलुस्कर पद्धती’ म्हणून देशभर गेली. म्हणजे पलूसच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत पलूसपासून शेकडो कोस दूर रुजली. शिकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की आपण एका गावाचे नाव उच्चारतो आहोत?

‘आंबेडकरी’ हा तर या साऱ्या प्रकारातला मला सर्वांत जिवंत वाटणारा शब्द. त्याचे थर उलटे मोजत गेले तर असे दिसते: ‘आंबेडकरी’तून ‘ई’ काढला की आंबेडकर, त्याआधी आंबडवेकर, त्यातून ‘कर’ काढला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे गाव. घराण्याचे आडनाव सकपाळ. एका लहान गावाच्या नावाला आधी ‘कर’ लागून कुटुंबाची ओळख झाली, मग ‘ई’ लागून कोट्यवधी माणसांच्या चळवळीची. आंबेडकरी जलसा, आंबेडकरी चळवळ, आंबेडकरी साहित्य, आंबेडकरी जनता या प्रयोगांत आंबडवे गाव आवाजापुरते उरले आहे, अर्थात नाही. मूळ शोधणे आणि अर्थ सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या शब्दावरून फार चांगले समजते. मूळ गावात सापडते, अर्थ चळवळीत सापडतो. एकाच्या जागी दुसरे देऊ नये.

दुसरे मूळ म्हणजे हुद्दा. चिटणीस, फडणीस, सबनीस, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही आडनावे होण्याआधी कामांची नावे होती. चिटणिशी, फडणिशी, देशमुखी, पाटिलकी हे शब्द त्या कामांपासून झाले, आडनावांपासून नव्हे. आडनाव आणि ‘चिटणिशी’ ही एकाच आईची दोन मुले आहेत. एकातून दुसरे झालेले नाही. परगणा आणि कुलकर्णी वतने मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलांची वतने महाराष्ट्राच्या १९६२ च्या कायद्याने. कामे संपली, आडनावे राहिली. म्हणून जुन्या कागदातली ‘कुलकर्णी’ ही नोंद वाचताना आडनाव आहे की काम, हे आधी ठरवावे लागते, आणि आजच्या कुलकर्ण्यांबद्दल लिहिताना ‘देशमुखी’सारखे हुद्द्याचे विशेषण जपून वापरावे लागते.

‘पेशवाई’ची गंमतही इथलीच. पेशवा म्हणजे पुढे असणारा, अग्रणी, शब्द फारसीतला. घराण्याचे आडनाव होते भट, गाव श्रीवर्धन. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले, पद वंशात राहिले आणि पदानेच आडनावाची जागा घेतली. ‘पेशवाई पगडी’, ‘पेशवाई थाट’, ‘पेशवेकालीन वाडा’ हे सगळे पदावरून. ‘भटशाही’ हा शब्दही मराठीत आहे, पण तो श्रीवर्धनकर भटांबद्दल नाही. पुरोहितवर्गाच्या वर्चस्वावर टीका करताना तो वापरला गेला. दोन शब्दांत ‘भट’ एकच दिसतो म्हणून मूळही एकच धरले, तर इतिहासाचे वाक्य पार फिरते.

तिसरे मूळ पूर्वज. संस्कृतात यासाठी एक देखणी युक्ती आहे: शब्दाचा पहिला स्वर वाढवायचा. रघूचा तो राघव, कुरूचा तो कौरव, भृगूचा तो भार्गव, यदूचा तो यादव. पाणिनीने ‘तस्यापत्यम्’ या सूत्रापासून अशा प्रत्ययांचे मोठे प्रकरणच बांधले आहे. ‘त्याचे अपत्य’ एवढाच त्या सूत्राचा अर्थ. पुढे अपत्याच्या पलीकडे अनुयायीही त्याच साच्यात बसले: बुद्धाचा तो बौद्ध, जिनाचा तो जैन, शिवाचा तो शैव. म्हणजे ‘यादव’ हे आज आडनाव दिसते, पण ते जन्मतः विशेषणच, ‘यदूच्या वंशातले’. मराठीत आद्य ‘य’चा ‘ज’ होण्याची सवय आहे, यात्रेची जत्रा झाली तशी. ‘यादव’चे ‘जाधव’ झाले. सिंदखेडचे जाधव देवगिरीच्या यादवांशी आपले नाते सांगतात. तेव्हा ‘यादवकालीन मंदिर’ म्हणताना आपण एका विशेषणावर दुसरे विशेषण चढवत असतो.

याच युक्तीने अत्रि ऋषीचा तो ‘आत्रेय’. आचार्य अत्र्यांच्या विनोदाला ‘आत्रेय’ म्हणण्याची जी रीत पडली, तिला माझ्या मते तोड नाही. ‘अत्रे’ला मराठी ‘ई’ लावून काही हाती लागत नाही. संस्कृतातली जुनी कळ दाबली आणि ऋषीही आला, आचार्यही आला. नवे विशेषण घडवायचे असेल तर ते असे घडावे.

चौथे मूळ म्हणजे एकच माणूस. जे आडनाव किंवा घराण्याचे नाव वाटते ते पाहता पाहता एका माणसाचे पाळण्यातले नाव निघते. ‘हेमाडपंती’ घ्या. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकातला. चुना न वापरता दगडावर दगड बसवून बांधलेल्या कोणत्याही जुन्या देवळाला आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे १०६० साल आहे. ते शिलाहारांच्या काळातले, हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे. तरी बोलताना तेही हेमाडपंतीच. बोलण्यात मी हा शब्द सोडा असे कोणाला सांगणार नाही. ‘जुन्या घडणीचे दगडी देऊळ’ हा अर्थ त्याने कमावला आहे. पण लेखात सालाचा संबंध आला की ‘शिलाहारकालीन’, ‘यादवकालीन’ असे राजवंशावरून झालेले विशेषणच घ्यावे.

मध्ययुगातल्या माणसांबाबत विशेषण आडनावावरून क्वचितच होते. रामदासांचे आडनाव ठोसर, पण पंथ ‘रामदासी’. शिवाजी महाराजांचा काळ ‘शिवकालीन’; ‘भोसलेकालीन’ म्हटले तर साताऱ्याचे, कोल्हापूरचे, नागपूरचे, तंजावरचे, कोणते भोसले हा प्रश्न उभा राहतो. आडनाव ही व्यक्तीची पहिली ओळख झाली ती इंग्रजी अमलात, शाळेच्या दाखल्यांनी आणि सरकारी नोंदींनी. म्हणूनच आडनावावरून झालेली साहित्यिक विशेषणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या लोकांचीच सापडतात: कोल्हटकरी विनोद, खांडेकरी भाषा, मर्ढेकरी प्रतिमा. हस्तलिखितात सतराव्या शतकातल्या कवीबद्दल कोणी आडनावाचे विशेषण बेतले असेल, तर मी तिथे पेन्सिलीने खूण करते.

प्रत्यय कोणता, हे आडनावाचे शेवटचे अक्षर ठरवते

हा भाग व्याकरणाच्या पुस्तकांत मला एकत्र कुठे मिळाला नाही. वाचता वाचता जमत गेला.

‘कर’ने संपणाऱ्या आडनावाला ‘ई’ अगदी सहज लागतो. मर्ढेकरी, आंबेडकरी, खांडेकरी, तेंडुलकरी, सावरकरी. कानाला तो ‘शेतकरी’, ‘वारकरी’च्या ओळीत बसतो, म्हणून परका वाटत नाही. मात्र ‘गडकरी’ आधीच ईकारान्त आहे. गडावरचा शिपाई असा त्याचा मूळ अर्थ. राम गणेश गडकऱ्यांच्या भाषेला ‘गडकरी भाषा’ म्हटले की ते विशेषण आहे, आडनाव आहे की गडावरच्या लोकांची बोली आहे, काहीच कळत नाही. जोशी, कुलकर्णी, चौधरी यांचेही तेच. अशा वेळी ‘गडकऱ्यांच्या वळणाची भाषा’ असे सुटे लिहावे. लांब झाले तरी चालेल.

एकारान्त, म्हणजे ‘ए’ने संपणारी, आडनावे ‘ई’ला दाद देत नाहीत. ‘फुले’चे ‘फुली’ केले तर ती कागदावरची खूण होते. ‘फडके’चे ‘फडकी’ केले तर कापडाचा तुकडा डोळ्यांपुढे येतो. ‘गोखली’, ‘रानडी’ असे कोणी म्हणत नाही. यांना भाषेने दुसऱ्या वाटा काढून दिल्या. कधी आडनाव तसेच्या तसे पुढे ठेवायचे: भातखंडे पद्धती, भातखंडे स्वरलिपी. कधी जोडशब्द करायचा: फुलेवादी. आणि कधी एक फार सुंदर तोड निघते, ‘फुले-आंबेडकरी विचार’. जोडनावात प्रत्यय शेवटच्या नावाला लागला की तो आधीच्या नावांनाही पुरतो, म्हणून ‘फुले’ला ‘ई’ न लावताही तो मिळतो. ‘फुले-शाहू-आंबेडकरी’ हा प्रयोग तर उलगडून पाहण्यासारखा आहे. ‘फुले’ हे व्यवसायावरून आलेले आडनाव. घराण्याचे आधीचे आडनाव गोऱ्हे, गाव साताऱ्याकडचे कटगुण, आणि पुण्यात फुलांच्या कामामुळे फुले झाले. ‘आंबेडकर’ हे गावावरून आलेले आडनाव. मधले ‘शाहू’ हे आडनाव नाहीच. कागलच्या घाटग्यांकडे जन्मून कोल्हापूरच्या भोसल्यांकडे दत्तक आलेल्या राजाचे ते नाव. व्यवसाय, राजाचे नाव आणि गाव अशा तीन ठिकाणांहून आलेले शब्द एका ‘ई’ने बांधले गेले आणि त्यांचा मिळून एकच अर्थ झाला.

काही आडनावांना काहीच लागत नाही, कारण ती फार लोकांची आहेत. पु. ल. देशपांड्यांच्या विनोदाला ‘देशपांडी’ म्हटलेले मी कधी वाचले नाही. तिथे मराठीने आद्याक्षरे पुढे केली: पुलं. ग. दि. माडगूळकरांचेही गदिमा झाले, आणि ते बरेच झाले, कारण ‘माडगूळकरी’ म्हटल्यावर गीते लिहिणारा थोरला भाऊ की माणदेशाच्या कथा लिहिणारे धाकटे व्यंकटेश, हा पेच होता.

आता प्रत्ययांचे अर्थ. ‘ई’ धाटणी सांगतो आणि आपलेपणाही सांगतो. ‘वादी’ मत सांगतो, तेही जाणूनबुजून स्वीकारलेले. ‘आंबेडकरी कुटुंब’ म्हणजे त्या परंपरेत वाढलेले घर. ‘आंबेडकरवादी कार्यकर्ता’ म्हणजे त्या विचाराची बांधिलकी घेतलेला माणूस, तो कोणत्याही घरातून आलेला असू शकतो. या दोन शब्दांची अदलाबदल कोणी ‘तेवढेच तर आहे’ म्हणून केली तर मी हट्टाने थांबवते. लिहिणाऱ्याला तो फरक किरकोळ वाटला तरी ज्यांच्याबद्दल लिहिले आहे त्यांना वाटत नाही. ‘पंथी’ म्हणजे मागे चालणारे, आणि त्यात एक गट अभिप्रेत असतो: टिळकपंथी म्हटले की समोर आगरकरपंथी किंवा गोखल्यांचा गट उभा आहे असे समजावे. ‘छाप’ लावला की नक्कल आली, आणि थोडी नापसंतीही: ‘फडकेछाप कादंबरी’ हे कौतुक नव्हे. ‘कालीन’ फक्त काळ सांगतो. त्यात गुणदोष भरू नयेत. ‘पेशवेकालीन’ आणि ‘पेशवाई’ यांत हाच फरक आहे. पहिल्यात तारीख आहे, दुसऱ्यात थाट.

‘शाही’ जपून वापरावा. तो राज्य सांगतो, पण कोणाच्या नावाला लागला यावर त्याचा सूर पालटतो. ‘शिंदेशाही पगडी’, ‘शिंदेशाही तोडे’ यांत ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे वैभव आहे, ‘होळकरशाही’त इंदूरचे. ‘हिटलरशाही’त मात्र शुद्ध जुलूम आहे. प्रल्हाद शिंदे यांच्या गायक घराण्याबद्दल आज ‘शिंदेशाही’ म्हणतात, तेव्हा तोच शब्द ग्वाल्हेरच्या दरबारातून लोकांच्या मंचावर आलेला असतो आणि त्यात गाण्यातली सद्दी असते. राजवाड्यातल्या दागिन्यांपेक्षा हा दुसरा अर्थ आजच्या कानांना जवळचा आहे. शब्दाची नोंद करताना दोन्ही अर्थ द्यावेत, जुना आधी आणि नवा खालच्या पायरीवर असे करू नये.

शास्त्रीय लेखनात ‘ईय’ आहे: न्यूटनीय यामिकी, बूलीय बीजगणित, गाऊसीय वितरण. इथे धाटणी, स्तुती, निंदा काही नसते. फक्त कोणाच्या सिद्धान्तावर आधारलेले एवढेच. ‘पाश्चरीकृत दूध’ म्हणताना तर लुई पाश्चर आठवतही नाही. परदेशी आडनावांना समीक्षेत ‘ई’ लावायला हरकत नाही, ‘शेक्सपिअरी सुनीत’ छान रुळले आहे, पण वैज्ञानिक मजकुरात ‘ईय’च ठेवावा.

एका माणसाचे सगळ्या घराण्याला

अर्थ कसा सरकतो हे पाहायला ‘तुघलकी’ इतका चांगला शब्द नाही, म्हणून तो जरा सावकाश उलगडते. वर्तमानपत्रात ‘तुघलकी फर्मान’, ‘तुघलकी कारभार’ म्हणजे लहरी, लोकांचा विचार न करता लादलेला निर्णय. वाचकाला हे आडनाव वाटते. मुळात ते एका माणसाचे नाव. १३२० मध्ये दिल्लीच्या गादीवर बसलेला गियासुद्दीन, तो तुघलक. त्याचा मुलगा मुहंमद ‘बिन तुघलक’, आणि ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. बापाचे नाव पुढे सगळ्या वंशाला लागले. पण विशेषणात जो अर्थ भरला आहे तो बापाचा नाही, मुलाचा. १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवणे, आणि पुढे तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या मोलाने चालवण्याचा प्रयत्न, या दोन गोष्टींनी शब्दाला आजचा रंग दिला. त्याच घराण्यातला फिरोजशाह कालव्यांसाठी ओळखला जातो; त्याच्या कालव्यांना कोणी ‘तुघलकी’ म्हणत नाही.

म्हणून अर्थ लिहिताना तीन नावे निरनिराळी ठेवावीत: शब्द ज्याच्या नावावरून झाला तो, तो शब्द ज्या घराण्याचा झाला ते, आणि अर्थ ज्याच्या कृतीतून आला तो. ‘तुघलकी’त ही तिन्ही वेगळी आहेत. ‘मर्ढेकरी’त दुसरे आणि तिसरे जवळजवळ एक आहे, कारण घराण्यातल्या एकाच माणसाने तो अर्थ कमावला, पहिल्या जागी माणूस नसून गाव आहे, मर्ढे. बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा, त्यावर अश्लीलतेचा खटलाही झाला. यंत्रयुगातल्या माणसाची कोंडी, बोलीतले आणि विज्ञानातले शब्द संतांच्या छंदात बसवणे, ही ती धाटणी. ‘मर्ढेकरी’चा अर्थ विचारला तर ‘मर्ढेकरांसारखे’ एवढे सांगून भागत नाही. काय सारखे, ते सांगितले पाहिजे.

‘मोगलाई’ आणखी एक पायरी पुढे जाते. ते घराणे स्वतःला तैमूरचे वंशज म्हणवी. ‘मोगल’ हे बाहेरच्यांनी दिलेले नाव. मराठीत मात्र ‘मोगलाई’ म्हणजे आधी मोगलांचा मुलूख, मग त्यांच्या सुभेदारीतून निघालेल्या हैदराबादच्या निजामाचा मुलूख, आणि शेवटी कोणाचा कोणाला धरबंध नसलेला कारभार. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘मोगलाईत असताना’ म्हणजे १९४८ पूर्वी, निजामाच्या राज्यात. पुण्यातल्या माणसाने ‘ही काय मोगलाई आहे?’ म्हटले तर तो अंदाधुंदीबद्दल बोलतो. आत्मचरित्रात हा शब्द आला तर लेखक कुठल्या भागातला आहे ते पाहून मगच टीप लिहावी.

सूर ओळखणे

विशेषण स्तुतीचे की निंदेचे, हे कोश सांगतोच असे नाही. आजूबाजूची वाक्ये पाहावी लागतात. ‘खांडेकरी’ हे एका पिढीने आदराने म्हटले: ध्येयवाद, सुभाषितासारखी वाक्ये, करुणा. पुढच्या पिढीच्या समीक्षेत तोच शब्द अलंकारांनी जड झालेल्या भाषेबद्दल तक्रार म्हणून आला. दोन्ही खरे प्रयोग आहेत. लेख कोणत्या दशकातला, लिहिणारा कोणत्या बाजूचा, हे पाहून अर्थ द्यावा.

‘तेंडुलकरी’ची अडचण वेगळी. नाटकाच्या परीक्षणात ती विजय तेंडुलकरांची तुटक, मधे मधे थबकणारी, हिंसा दडवून ठेवणारी संवादशैली. क्रीडा पानावर तो सचिनचा सरळ बॅटीचा फटका. विशेषण आडनावापासून झाले की पहिले नाव गळून पडते, आणि ते परत मिळवण्याची जबाबदारी संदर्भावर येते. लेखात दोघांपैकी कोणाचाही उल्लेख आधी झालेला नसेल, तर पहिल्या वेळी पूर्ण नाव लिहावे आणि विशेषण नंतर वापरावे.

लेखनाचे थोडे

ईकारान्त विशेषण बदलत नाही: आंबेडकरी विचार, आंबेडकरी चळवळ, आंबेडकरी साहित्य, आंबेडकरी चळवळीत. त्यातला ‘ई’ नेहमी दीर्घ. चिटणीस, फडणीस यांतला दीर्घ ‘णी’ चिटणिशी, फडणिशी होताना ऱ्हस्व होतो. ‘पाटील’चे ‘पाटिलकी’ही तसेच. मूळ आडनावाचे अंग मात्र ती माणसे लिहितात तसेच ठेवावे. ‘तेंडुलकर’चा ‘डु’ विशेषणातही ऱ्हस्वच, ‘माडगूळकर’चा ‘गू’ दीर्घच. शाही, वादी, पंथी, कालीन, छाप हे सगळे आडनावाला जोडून लिहावेत. जोडनावांत मधे संयोगचिन्ह द्यावे आणि प्रत्यय शेवटी एकदाच.

शब्द किती जुना?

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. त्यात शब्द मिळाला तर तो त्याआधी बोलण्यात होता हे नक्की. नंतर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पाहावा. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि पुरवणी १९५० मध्ये. हुद्द्यांची आणि राजवटींची विशेषणे शोधायला हे दोन कोश फार उपयोगी पडतात. साहित्यिकांवरून झालेली विशेषणे मात्र कोशात उशिरा येतात किंवा येतच नाहीत. ती जुन्या मासिकांतल्या परीक्षणांत सापडतात, आणि बहुधा आधी अवतरणचिन्हांत असतात: ‘मर्ढेकरी’ असे. अवतरणचिन्हे गळाली की समजावे, वाचकांनी शब्द स्वीकारला. मी अशा शब्दांची नोंद ठेवते तेव्हा अवतरणचिन्हांसह आणि त्यांच्याशिवाय, असे दोन्ही पहिले आढळ टिपते. मधल्या वर्षांत तो शब्द कोणी, कोणाविरुद्ध किंवा कोणाच्या बाजूने वापरला हे त्या दोन टिपांमधली परीक्षणे वाचून मिळते, आणि अर्थाची खरी घडण तिथेच झालेली असते.